अण्णांच्या निपाणीच्या फेऱ्या

अण्णा चोराला ‘पाव्हणं’ म्हणायचे. मग तो पाकीटमार असो, घरफोड्या असो, की देवळातली समई उचलणारा. बेडी घातलेला माणूस बाकावर बसला की अण्णा त्याच्यासमोर खुर्ची ओढायचे, पाण्याचा तांब्या पुढं करायचे आणि म्हणायचे, “पाव्हणं, आधी पाणी घ्या. मग सांगा, कुठनं आलासा.” मार खायच्या तयारीनं आलेला माणूस गोंधळून जायचा. एकदोघं तर रडायलाच लागले होते. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, ही त्यांची युक्ती असणार. पुढं कळलं, माणसाशी बोलायची त्यांना तेवढी एकच रीत येत होती.

मी बेळगावात पोलीस शिपाई म्हणून लागले आणि पहिल्याच वर्षी त्यांच्या हाताखाली आले. ते सहायक फौजदार. चोऱ्यांचा तपास बघायचे. सगळं ठाणं त्यांना अण्णा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. मला ते ‘रायटर’ म्हणायचे, कारण त्यांचं लिहायचं काम माझ्याकडं आलं होतं. अण्णांचं कन्नड ऐकून धारवाडकडचा माणूसही विचारायचा, तुम्ही आमच्याच बाजूचे काय. पण शाळा जांबोटीत, मराठीत झालेली. कन्नड लिहायचं म्हटलं की हात अडायचा. सगळ्या नोकरीत ते तपासाच्या नोंदी शाळेच्या दुरेघी वहीत पेन्सिलीनं मराठीत काढत आले आणि कुणाकडून तरी कन्नडात उतरवून घेत आले. मी वडगावच्या मागवाल्यांची, विणकरांची पोरगी. घरात दोन्ही भाषा, शाळेत दोन्ही. त्यामुळं मी आल्यावर वही माझ्याकडं आली.

चोरी झालेल्या घरी गेले की ते चहा घेत नसत. पाणी मात्र दोनदा मागत. पहिल्यांदा कोण उठतं आणि दुसऱ्यांदा कोण उठतं, ते बघायचं असे. मग ज्या खोलीतून वस्तू गेली त्या खोलीत जाऊन जमिनीवर मांडी घालून बसत, डोळे मिटून, अर्धा-अर्धा तास. घरची माणसं माझ्याकडं बघत. मी भिंतीकडं बघे. एकदा हिंदवाडीत एका घरात ते असे बसले आणि खरोखरच झोपले, घोरायला लागले. मी वही पाडून आवाज केला. डोळे उघडून ते शांतपणे त्या घरच्या बाईंना म्हणाले, “झोप लागली म्हणजे खोली सुरक्षित हाय. चोर खिडकीतनं आलेला न्हाय.” आणि तो खिडकीतून आलेला नव्हताच. पुतण्या निघाला.

त्यांच्या वरच्या खिशात पेन नसे, कंगवा असे. तो त्यांच्यासाठी नव्हता, डोक्यावर फारसं काही उरलंच नव्हतं. आरोपीला कोर्टात न्यायच्या आधी ते कंगवा पुढं करत. “विंचरून घ्या पाव्हणं. जज्जसाहेबांसमोर माणूस माणसासारखा दिसाय पाहिजे.” ठाण्यातली पोरं हसत. अण्णांना त्याचं काही नसे.

सुट्टीच्या दिवशीही ते ठाण्यात येऊन बसत. साध्या कपड्यात, दारापाशी, आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र घेऊन. मी एकदा विचारलं, “घरी जायचं न्हाय का?” तर म्हणाले, “घरी जाऊन काय करू? पंखा बघू?” लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणत, “राहून गेलं.” तीन धाकटे भाऊ होते, त्यांची लग्नं करून दिली, तेवढ्यात वय निघून गेलं. जांबोटीचं घर भावांनी तीन वाटण्यांत घेतलं. अण्णांनी आपण होऊन सांगितलं, मला नको, मला नोकरी हाय. वर्षातून एकदा गावी जात, त्याच दिवशी परत येत. “जागा न्हाय असं न्हाय गं,” एकदा बोलून गेले. “पण कुणी वाट बघत नसतंय.”

एकदा त्यांना ताप आला म्हणून मी सही घ्यायला त्यांच्या क्वार्टरवर गेले होते. एक खाट, एक खुर्ची, एक स्टोव्ह. खुर्चीवर कपड्यांचा ढीग. “बस की,” म्हणाले, आणि मग खोलीभर बघितलं. बसायला दुसरं काही नव्हतं. बारा वर्षं त्या खोलीत राहत होते, आणि कुणी येऊन बसेल ही गोष्ट त्यांच्या कधी ध्यानातच आली नव्हती. मी उभ्यानंच सही घेतली. दुसऱ्या आठवड्यात कळलं, त्यांनी बाजारातून एक स्टूल आणलंय. मी परत कधी गेले नाही. जायला पाहिजे होतं.

टिळकवाडीतली ती तक्रार आली तेव्हा अण्णांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

एक निवृत्त शिक्षिका, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, बंगल्यात एकट्या राहायच्या. मुलगा बेंगळुरात. त्याला आईला आपल्याकडं न्यायचं होतं, म्हणून तो दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायला निघाला. आधी सराफाकडं दाखवले. आजींच्या गळ्यात रोज असायची ती बोरमाळ, एक्केचाळीस मण्यांची. सराफानं मणी कसोटीला लावले. एकोणीस मणी सोन्याचं पाणी दिलेले पितळी निघाले. बाकीचे अस्सल.

मुलानं तक्रार लिहून दिली आणि संशयाच्या जागी एकच नाव घातलं: रेणुकाबाई. चौदा वर्षं त्या घरात धुणंभांडी करणारी. आमच्या मोठ्या साहेबांनाही ते पटलं. घरात दुसरं कुणी येतच नव्हतं. रेणुकाबाईला तीन दिवस बोलावून बसवलं. ती रोज एकच सांगायची, “मी हात लावला न्हाय. लावायचा असता तर सगळी माळ नेली असती की हो, एकेक मणी कशाला बदलत बसू?” चौथ्या दिवशी तिला सोडलं, पण तोवर गल्लीत बातमी गेली होती. तिची बाकीची चारही कामं सुटली.

तिचं ते बोलणं अण्णांच्या डोक्यात राहिलं. माळ घेऊन ते ठाण्याच्या व्हरांड्यात दोन दिवस बसले. भिंग लावून एकेक मणी बघायचे आणि वहीत रेघ ओढायचे. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं.

“रायटर, हे बघ. ह्या मण्याचं पाणी पार उडालंय. हा अर्धा झिजलाय. आणि ह्याचं आत्ता कुठं उडाय लागलंय. काय कळतंय?”

“एकाच दिवशी बदललेले नाहीत.”

“एका वर्षात बी न्हाय. हा माणूस पाच-सहा वर्षं ह्या माळेत चोरी करालाय. एका वेळी एक मणी.” त्यांनी माळ खाली ठेवली. मी त्यांच्या तोंडावर इतका आदर क्वचितच बघितला असेल. “लई सावकाश माणूस हाय.”

आम्ही आजींकडं गेलो. त्यांनी सरळ उत्तरं दिली, फक्त एका प्रश्नाला अडल्या.

“माळेचा दोरा नवा हाय,” अण्णा म्हणाले. “कुणी बदलला?”

“मीच,” आजी म्हणाल्या.

त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. आम्हाला पाण्याचा पेला देतानासुद्धा त्यांना दोन्ही हात लावावे लागले. अण्णांनी त्या हातांकडं बघितलं, मान हलवली आणि पुढचं काहीच विचारलं नाही. परत येताना रस्त्यात मला म्हणाले, “म्हातारी खोटं बोलली. पण स्वतःसाठी न्हाय बोलली. कुणासाठी बोलली, तेवढं बघायचं.”

ते परत परत जात राहिले. पाचव्या खेपेला आजींनी आपण होऊन एक बिस्किटाचा डबा काढून दाखवला, बोलता बोलता, माहेरची गोष्ट निघाली म्हणून. आजींचं माहेर कणकुंबी. डब्यात जुन्या माळेचे कापलेले दोरे होते. देवाधर्माच्या दागिन्याचा दोरा कचऱ्यात टाकायचा नाही, कधी माहेरी जाणं झालं की मलप्रभेत सोडायचा, म्हणून ठेवलेले. जाणं काही झालं नव्हतं. अण्णांनी दोरे मोजले. सत्तावीस. त्यातला एक मागून घेतला.

तो दोरा त्यांनी माझ्या हातात दिला. मी बोटांत धरला आणि मला लगेच कळलं. बाजारात रिळावर मिळतो तसला दोरा नव्हता तो. साडी मागावरून उतरवल्यावर ताण्याची जी शेवटची टोकं उरतात, त्याचं रेशीम होतं, तीन पदरी, हातानं वळलेलं. आमच्या घरात लहानपणी मी त्याच्या वेण्या घालायचे. संध्याकाळी आईला विचारलं, “हे कोण विकत घेतंय गं?”

आई म्हणाली, “आता कोण घेतंय? सगळं टाकूनच देतात. एक निपाणीचा येतोय वर्षातनं दोनदा. दागिने गाठवायचं काम करतोय. लई गुणाचा माणूस, कधी घासाघीस न्हाय.”

माळेतले मणी किंवा मंगळसूत्राच्या वाट्या नव्या दोऱ्यात ओवून देणं, त्याला आमच्याकडं गाठवणं म्हणतात. पूर्वी हे लोक घरोघर फिरायचे. आता कमी झालेत.

निपाणीला बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान सापडलं. दुकान म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीवर एक फळी आणि मागं खोली. मी साध्या साडीत, आईचं मंगळसूत्र घेऊन गेले. पन्नाशीचा, सडपातळ, धुतलेला पांढरा शर्ट. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून दोन्ही हातांनी वळत बसला होता. त्यानं फळीवर स्वच्छ रुमाल पसरला आणि मंगळसूत्राला हात लावायच्या आधी म्हणाला, “ताई, मणी मोजा.”

“कशाला?”

“आधी मोजायचं, नंतर बी मोजायचं. उगाच मनात शंका नको.”

मी मोजले. त्यानं काम केलं. मी पापणी न लववता त्याच्या बोटांकडं बघत होते. काम करता करता तो बोलत होता. लग्न झालंय का, घरी कोण कोण असतं. मी खरं ते सांगितलं: आई आहे, भाऊ आहे, वहिनी, तिची दोन मुलं.

“भरलं घर हाय,” तो म्हणाला. नंतर मी मोजले. बरोबर होते. बाहेर थांबलेल्या अण्णांनी भिंगातून बघितले. सगळे आमचेच होते.

बसमध्ये मी म्हटलं, “चुकीचा माणूस असेल.”

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. संकेश्वर गेल्यावर म्हणाले, “तू त्याला सांगितलंस घरात एवढी माणसं हायत म्हणून. भरल्या घरातलं तो घेत न्हाय. कुणीतरी बघतंय, कुणीतरी सराफाकडं नेतंय. त्याला एकटं माणूस लागतंय.” मग म्हणाले, “माझ्याकडं आईची बोरमाळ हाय.”

असं अण्णांचं निपाणीला जाणं सुरू झालं. आपल्या सुट्टीच्या दिवशी, आपल्या खर्चानं. मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं होतं, त्या बाईवरच कागद करा आणि मिटवा. अण्णांनी तोंडावर हो म्हटलं आणि कागद अडवून धरले. आईच्या माळेच्या प्रत्येक मण्यावर, भोकाच्या कडेला, त्यांनी सुईनं बारीक खूण केली. भिंगाशिवाय दिसणार नाही अशी. आणि शेतखात्यातला निवृत्त कारकून म्हणून त्या फळीसमोर जाऊन बसले.

पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, “घरी कोण?”

“कुणी न्हाय,” अण्णा म्हणाले. हे मला त्यांनी सांगितलं तेव्हा हसून म्हणाले, “सगळ्या नाटकात हे एकच वाक्य खरं हुतं.”

पहिल्या खेपेला त्यानं काही घेतलं नाही. दुसऱ्या खेपेला अण्णा, दोरा सैल झालाय, असं सांगून गेले. तेव्हाही नाही. तिसऱ्या खेपेला आईच्या नथीचे मोती ओवायला नेले. चौथ्या खेपेला काय काम काढलं ते मला सांगितलं नाही. मला वाटतं काहीच नव्हतं. सोमवारी ठाण्यात आले की त्याच्याबद्दल बोलायचे. तो एकटाच राहतो. बायको लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गेली. आमटी चांगली करतो. त्याला जुनी भजनं सगळी पाठ आहेत, पण गात नाही, फक्त सांगतो. एकदा सकाळी तर मला म्हणाले, “रायटर, काल दोघं मिळून जेवलो.” आणि मग एकदम वही उघडून काहीतरी शोधायला लागले.

मी विचारलं, “अण्णा, तपासाचं काय?”

“चाललाय की,” म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही.

रेणुकाबाई महिन्यातून एकदा ठाण्यात यायची. काही मागायची नाही, बाकावर बसायची. “माझं नाव कागदातनं निघालं काय हो?” एवढंच विचारायची. अण्णा तिला पाणी द्यायचे. ती गेल्यावर त्या दिवशी जेवायचे नाहीत.

पाचव्या महिन्यात एका सोमवारी अण्णा आले आणि टोपी न काढता खुर्चीत बसले. टेबलावर आईची माळ ठेवली, भिंग ठेवलं आणि म्हणाले, “घेतला.”

मी बघितलं. एका मण्यावर खूण नव्हती.

“मणी मळलेत, रिठ्याच्या पाण्यात धुऊन देतो म्हणाला. त्यानंच आपण होऊन विषय काढला.” ते माळेकडं बघत होते. पाच महिने ज्याची वाट बघितली ते हातात आलं होतं, आणि अण्णा घरात कुणी गेल्यासारखे बसले होते. “मला वाटलं हुतं, घेणार न्हाय.”

मी कागद पुढं घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. आम्ही दोघं, तिथल्या ठाण्याचे दोन शिपाई आणि पंच. तो दोरा वळत होता. अण्णांना पहिल्यांदाच गणवेशात बघून त्यानं अंगठ्यातला दोरा सोडला, नीट गुंडाळी केली आणि बाजूला ठेवली.

“पाव्हणं,” अण्णा म्हणाले.

“आत या,” तो म्हणाला. “मीच काढून देतो.”

मागच्या खोलीत फडताळात एक पत्र्याचा डबा होता. डब्यात वर्तमानपत्राच्या अकरा पुड्या. प्रत्येक पुडीवर सुवाच्य अक्षरात गाव आणि माणूस. चिकोडीच्या काकू, संकेश्वरच्या मावशी. एकही मणी विकलेला नव्हता. विकायला गेला की चोर सापडतो, तो म्हणाला, म्हणून आणखी थोडं साठलं की सगळं एकदम विकून कुठंतरी लांब जायचं ठरवलं होतं. किती वर्षांपासून, ते त्यालाही आठवत नव्हतं. टिळकवाडीच्या बाईंच्या पुडीत एकोणीस मणी होते. आणि सगळ्यात वर एक नवी पुडी होती. ‘जांबोटीचे अण्णा.’ आत एक मणी.

अण्णांनी ती पुडी हातात धरली. पंच बघत होते, मी महजर, म्हणजे पंचनामा, लिहीत होते.

“टिळकवाडीच्या घरी सत्तावीस वेळा गेलास,” अण्णा म्हणाले. आता ते एकेरीवर आले होते. मला वाटतं, ते पोलिसाचं एकेरी नव्हतं. “मणी एकोणीस. आठ वेळा काहीच घेतलं न्हाईस. शेवटची दोन वर्षं.”

“व्हय.”

“मग जात कशाला हुतास?”

“मी गुरुवारी जायचो. त्या दर खेपेला भाकरी जास्त करून ठेवायच्या,” तो म्हणाला. “मणी घ्यायला हात जाईना झाला. न जायला बी जमेना.”

“आणि माझा घेतलास.”

“तुम्ही पोलीस हाय, ते मला दुसऱ्या खेपेलाच कळलं. मण्यावरची खूण माझ्या बोटाला लागली.” तो खाली बघत बोलत होता. “त्या घरच्या कामवालीवर आळ आलाय, तिची कामं सुटली, हे आजींनी फोनवर सांगितलं मला. त्या लई रडल्या. मी ठाण्यात यायचं म्हणून दोनदा बेळगावला आलतो. स्टँडवरनं परत गेलो. तुम्ही येतच हुतासा. म्हटलं, एक मणी घेऊ, म्हणजे तुम्हालाच न्यावं लागंल.”

अण्णा बाहेर जाऊन फळीवर बसले. मी विचारायला गेले, हे शेवटचं लिहू का. कोर्टात त्याचा काही उपयोग नव्हता. “लिही,” म्हणाले. “मराठीत लिही आधी. त्याला वाचून दाखव.”

कोर्टात न्यायच्या दिवशी अण्णांनी खिशातला कंगवा पुढं केला. त्यानं विंचरून घेतलं, नळाखाली कंगवा धुतला, रुमालानं पुसला आणि परत दिला. इतक्या वर्षांत कुणी धुऊन दिला नव्हता.

रेणुकाबाईचं नाव कागदातून निघालं. आजी काठी टेकत, रिक्षा करून तिच्या घरी गेल्या. “सगळं माहीत असताना मी गप्प राहिले,” असं त्यांनी दारात उभं राहून सांगितलं. रेणुकाबाईनं त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, पण त्या घरचं काम परत धरलं नाही. अण्णांना आजी म्हणाल्या होत्या, “मी नाव सांगितलं असतं तर गुरुवार गेला असता हो. तीन महिन्यांनी एक येणारा. तोही गेला असता. मला माझी लाज वाटते.”

पुढचा एक गुरुवार अण्णा आपण होऊन त्यांच्याकडं जाऊन बसले. आजींनी चहा केला. दोघांनी घेतला. मग आजींनी विचारलं, “त्याला तिथं जेवायला नीट देतात का?” अण्णा मला म्हणाले, “त्यांना तोच पाहिजे हुता गं. मी जाऊन काय उपयोग?” ते परत गेले नाहीत. पुढं मुलानं आजींना बेंगळुरास नेलं. बंगल्याला कुलूप लागलं.

त्या तपासासाठी अण्णांना बक्षीस आलं होतं, प्रशस्तिपत्रक. ते कन्नडात होतं. मी त्यांना वाचून दाखवलं. “बरं लिहिलंय,” म्हणाले, आणि घडी करून दुरेघी वहीत ठेवलं.

निवृत्तीनंतर ते जांबोटीला गेले. भावाच्या गोठ्याशेजारी एक खोली बांधून घेतली असं कळलं. मी फोन करायचे, आधी दर महिन्याला, मग दिवाळीला. माझं लग्न झालं, बदली झाली, मुलगी झाली. चार वर्षं अशीच गेली. परवा खानापूरला कामानं गेले होते, तिथून जांबोटीची बस मिळाली म्हणून चढले. कळवलं नव्हतं.

फाट्यावर उतरून बरंच चालावं लागलं. अण्णा अंगणात भात वाळत घालत होते. मला बघितलं, आत जाऊन हात धुऊन आले आणि तांब्या पुढं केला. खूप बारीक झाले होते. भाऊ-भावजय शेतावर गेली होती. आम्ही पायरीवर बसलो. मुलीचा फोटो दाखवला, तो त्यांनी लांब धरून बघितला.

मी विचारलं, “अण्णा, तो सुटला असेल ना आता?”

“सुटला की. मागच्या वर्षी.” भातावर आलेल्या कोंबडीला त्यांनी हाकललं. “मी गेलतो. हिंडलग्याला, तुरुंगाच्या दारात. तारीख काढून ठेवलती. म्हटलं, त्याला बी कुणी न्हाय, इकडं यायचं का विचारू. खोली हाय, दोघांना पुरती.”

“मग?”

“बाहेर आला. पिशवी होती हातात. मला बघितलं त्यानं, नीट बघितलं. मग रस्ता ओलांडून पलीकडनं निघून गेला.”

“हाक मारली न्हाय तुम्ही?”

“न्हाय.” त्यांनी पायरीपाशी सांडलेले दाणे गोळा केले. “त्याचं बरोबरच हुतं. पाच महिने मी त्याच्या ताटात जेवलो आणि मग बेडी घातली. आता मी तरी कुठल्या तोंडानं हाक मारणार?”

मी म्हटलं, तुम्ही तपास केला नसता तर रेणुकाबाई आत गेली असती. ते म्हणाले, “व्हय, ते बी खरंच हाय.” दोन्ही खरं होतं, आणि त्यांना दोन्ही घेऊन राहायचं होतं.

परतीची बस दीडची होती. ती चुकली तर पुढची साडेपाचला, तीही येईलच असं नाही. अण्णाच मला घाई करत होते. मुलगी घरी वाट बघत असंल, ऊठ. फाट्यापर्यंत सोडायला आले, मी नको म्हणत असताना. आंब्याच्या सावलीत दगडावर बसलो. ते कुठल्यातरी जुन्या चोराची गोष्ट सांगायला लागले. मी ती आधी ऐकलेली होती, पण ते नवीन असल्यासारखी सांगत होते आणि मीही तशीच ऐकत होते.

वळणावर बस दिसली. अण्णा बोलायचे थांबले. तिथं हात केल्याशिवाय बस थांबत नाही, हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्यांचे हात गुडघ्यावर होते. त्यांनी उचलले नाहीत. माझी पर्स मांडीवर होती. मीही हलले नाही. ड्रायव्हरनं वेग कमी केला, आमच्याकडं बघितलं आणि पुढं गेला.

धूळ खाली बसली. मग मी म्हटलं, “हं अण्णा, मग त्या पाव्हण्यानं काय केलं?”

आणि ते सांगायला लागले.